दिनविशेष, पान चार

अठ्ठावीस वर्षं मी म्हापशाच्या एका दैनिकात
दिनविशेष लिहिला.
पान चार, डावा कोपरा, राशिभविष्याच्या वर,
सहा ओळी. सातवी झालीच तर इनास
खिळे उचलायच्या चिमट्यानं ती अलगद काढायचा.
बहुतेक वेळा कुणाचा तरी मृत्यू.

एकोणीस डिसेंबरला जागा पुरत नसे.
पंचवीस नोव्हेंबरला दरवर्षी तेच:
पंधराशे दहा, शहर पडलं.
दरवर्षी इनास विचारायचा, 'परत पडलं?'

सोळा जानेवारी. सदुसष्ट साल. फूल की दोन पानं.
एवढंच छापलं.
हे नाही छापलं, की आई फुलावर शिक्का मारून आली,
वडील पानांवर,
आणि महिनाभर एकाच चुलीवर दोन हुमणं शिजली.

फेब्रुवारीत दोन-तीन दिवस असे येतात
ज्यांना इतिहासानं कधी विचारलेलं नाही.
तेव्हा मी गावातलं घालायचो:
'आजच्या दिवशी कोलवाळची होडी
नवरदेवाला काठावर विसरून पलीकडे पोचली.'
'आजच्या दिवशी म्हापशात पहिला बर्फ आला, भुशात गुंडाळून;
ओला आहे म्हणून बेर्तिल्दाबाईंनी तो उन्हात वाळत घातला.'
संपादक खांडेपारकर म्हणाले, 'पुरावा?'
म्हटलं, 'दोरी आहे अजून.'

ऑक्टोबर मात्र माझा.
पंधराशे ब्याऐंशीत रोमहून हुकूम निघाला,
चार तारखेला निजायचं, पंधराला उठायचं.
मधले दहा दिवस कापले.
पाच ते चौदा: कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही,
कुणाचं भाडं थकलं नाही.
पण हुकूम बोटीनं यायचा होता,
आफ्रिकेला वळसा घालून, वारा असेल तसा.
तोवर इकडे मांडवीच्या काठाला लोक
रद्द झालेल्या पाण्यात जाळी टाकत राहिले,
रद्द बांगड्यांना मीठ लावत राहिले,
रद्द सोमवारी कुणाला तरी मुलगी झाली
आणि ती रडली, चांगली खणखणीत.
हे सहा ओळींत मला कधी बसवता आलं नाही.

आमच्या घरी एक घड्याळ होतं.
एकसष्टात राज्य बदललं, वेळही बदलली,
अर्धा तास पुढे. सगळ्यांनी काटे सरकवले.
वडिलांनी नाही.
राग म्हणून नव्हे, प्रेम म्हणूनही नव्हे.
म्हणाले, 'खुर्चीवर कोण चढणार आता.'
पुष्कळांनी खोदून विचारलं,
याहून मोठं कारण निघालं नाही.
धाकटी भावंडं शाळेत कायम उशिरा,
घरी कायम वेळेवर.

चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरात ते गेले.
इनासच्या मनगटावर सव्वाबारा, दहा तारीख.
भिंतीवर पावणेबारा, नऊ.
नगरपालिकेतला कारकून टाक उचलून थांबला,
'एक काय ते सांगा.'
केशवभट सुपारी कातरत म्हणाले,
तिथीला मध्यरात्र ठाऊक नसते,
तुझ्या अर्ध्या तासानं तिचं काही बिघडत नाही.
मी दहा सांगितली. सरकारी घड्याळाशी कोण भांडतो.

पुढल्या वर्षी नऊ ऑक्टोबरला
माझ्या हातून सातवी ओळ लिहिली गेली:
'आजच्या दिवशी, किंवा उद्याच्या, म्हापशात एक इसम'
पुढे क्रियापद सुचलं नाही.
इनासनं चिमटा उचलला. वाचलं. चष्मा पुसला.
मग खाली सरकून
राशिभविष्यातली कुंभ काढून टाकली.

त्या दिवशी कुंभेच्या माणसांना भविष्य नव्हतं.
मी तक्रारींची वाट पाहिली.
एकच कार्ड आलं, थिवीहून, जांभळ्या शाईतलं:
आमचा दिवस बरा गेला.