रकाना

नकाशाच्या एकोणिसाव्या पानावर
समोच्च रेषा इतक्या दाटतात
की शाई एकमेकींत मिसळते,
आणि त्यापलीकडे एकदम काहीच नाही.
पांढरं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत
‘मोजणी अपूर्ण’.

तिथवर गेलो आम्ही, एप्रिलच्या शेवटी,
बारा कुत्री, एसायास आणि मी.
फ्योर्डचं बर्फ सपाट, स्लेजखाली कुरकुरणारं,
मग भिंत. तांबूस खडक, काळी शीर, पुन्हा तांबूस.
तिची निळी सावली
आमच्या आधी मुक्कामाला पोचलेली.

इथे कधीच कुणी नव्हतं असं नाही.
वाऱ्यानं उघड्या पडलेल्या दांड्यावर
दगडांचं एक वर्तुळ, तंबूच्या कडा दाबायला मांडलेलं.
आत चुलीचा दगड, चरबीनं अजून काळा.
एक उन्हाळा काढला असेल, आणि गेले.
एसायास त्या वर्तुळात पाय ठेवत नाही,
वळसा घालतो,
झोपलेल्याला ओलांडू नये तसा.

विलोचं झाड माझ्या घोट्याएवढं.
बोटभर वाळलेलं खोड कापून
भिंगाखाली कडी मोजली: एक्याऐंशी.
फांदीत अडकलेली कस्तुरीबैलाची लोकर
त्यानं सोडवून खिशात कोंबली.
“मोज्यांना होईल.”

अर्जात एक रकाना आहे, ‘स्थानिक नाव’.
मी बोट दाखवत गेले, तो सांगत गेला.
हा, इथे भरतीची भेग रुंदावते.
हा, याच्या मागून वारा येतो, तंबू लावू नको.
तो दिसला की घरी वळायचं.
नावं कसली, मागून येणाऱ्याला दिलेले निरोप.
आणि त्यांच्यामागचा, सगळ्यांत उंच?
त्यानं चहा ढवळला. बराच वेळ ढवळला.
“तिकडे शिकार नाही. कुणी जात नाही.
त्याला नाव कशाला ठेवायचं?”

नाव ठेवलं नाही
म्हणून कुणी नावंही ठेवली नाहीत.
मला हेवा वाटला, थोडा.

रात्री, म्हणजे उजेडातच, यंत्र लावलं.
दोन हजार दोनशे चौदा.
विमानातून घेतलेल्या जुन्या आकड्याहून सहा मीटर कमी.
माथा खडकाचा नाही, बर्फाचा.
आकडा पेन्सिलीनं लिहिला.
रकाना कोरा. कार्यालय विचारेल. विचारू दे.

मग कुत्र्यांनी सगळ्यांनी मिळून गळा काढला
आणि थांबली.
प्रतिध्वनी आला तेव्हा
मी सवयीनं सेकंद मोजले होते: अकरा.
म्हणजे पावणेदोन किलोमीटर.
मला वाटलं होतं त्याहून
बरंच जवळ.