दर तासाला

टॅबवर अकरावा रकाना :
दर तासाला उत्पादन किती.
लाल चांदणी आहे त्याच्यापुढे,
तो भरल्याशिवाय बारावा उघडत नाही.

वच्छला उईके धुऱ्यावर टेकून पाणी पिते.
कमरेची ओटी अर्धी भरलेली, तिसरा वेचा चालू आहे.
कोणतं तास, ती विचारते.
हे पळसाकडचं लांब हाये, दोन किलो सहज निघते.
नाल्याकडचं तोकडं. तिथं बोंडंच बारकी.

शेतातलं नाही हो, घड्याळातला तास.
ती हसते.
घड्याळ मुकादमाजवळ असते.

मग दोघी मिळून जुळवतो :
तुरीची सावली पाटापर्यंत असते तेव्हा सुरुवात,
शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली की काटा.
काल तीस किलो. परवा सव्वीस,
दव होतं, आणि ओल्या कापसाचे
मुकादम दोन किलो कापून घेतो.
तुमची आई किती वेचायची?
तीसच. पण तिचे बोटं चलाख होते.

मी भागाकार करते. पावणेचार.
आईच्या वेळचेही पावणेचार.
वाढीचा रकाना वेगळा आहे, त्यात शून्य चालतं.

सतरावा : बाहेरगावी गेलेले सदस्य.
निकेश. चाकणले. गाडीच्या दाराले रबर लावते.
आधी तासाले चाळीस दारं करे,
मंग लोखंडाचा एक हात आणून उभा केला त्याच्या बाजूले,
आता नव्वद होते.
पगार?
दारं वाढले तसा नाई वाढला.

दिवाळीत आला होता पंधरा दिवस.
सोबत आला वेचाले. दिवसभरात अकरा किलो, बाप्पा!
बोटं सारे रक्ताळले बोंडाच्या टोकांनं.
हे सांगताना तिला इतकं हसू येतं
की पाणी सांडतं लुगड्यावर.

तोच मुलगा. मी दोन वेळा खाली-वर करून पाहते.
एका माणसाला दोन आकडे द्यायची सोय
या फॉर्ममध्ये नाही.

माझाही आकडा असतो.
रोज रात्री ग्रुपवर यादी येते,
पुण्याकडची कोणी ऋजुता, चौदा फॉर्म, हिरव्यात.
मी पाच, लाल.
दोन गावांमधलं अंतर कुणी यादीत धरत नाही,
ना पाण्याच्या टाकीवर चढून
नेटवर्क शोधत घालवलेली संध्याकाळ.
आत्ता बॅटरी एकोणीस टक्के,
आणि इथली लाइन रात्री दहाला येते.

झालं का तुमचं, वच्छलाबाई उठतात.
मी टॅब पिशवीत टाकते आणि
शेजारचं तास धरते, उगाच, बोलत बोलत.
त्यांचे दोन्ही हात दोन झाडांवर, नजर तिसऱ्यावर.
माझा एकेक बोंडाशी वाद.
अर्ध्या तासातच त्या पळसापाशी पोचल्या
(कोणत्या अर्ध्या, ते तुम्ही ठरवा),
मी अजून नवव्या झाडावर.

घंटा झाली. दोन मुठी होत्या माझ्याकडे,
त्यांच्या ओटीत टाकल्या.
काट्यावर साडेतीस भरले.

त्या दोन मुठी अकराव्या रकान्यात
धराव्यात की वगळाव्यात,
सूचनापत्रात कुठे दिलेलं नाही.