मक्षिकास्थाने

लुद्विक सोवाचा तो सोलो
मी अकरा महिने कागदावर उतरवत होते.
टेप अर्ध्या वेगानं, मग पाव वेगानं,
इतकी सावकाश की पियानो
पाण्याखालच्या घंटेसारखा वाजायचा
आणि मागच्या बाकावरचं कुणीतरी खोकायचं
ते गोठ्यात बैल हंबरल्यासारखं.
खोकलाही लिहिला मी. समासात.

एकसष्ट सालची टेप,
वुच शहरातल्या रेल्वे कामगारांच्या क्लबातली.
सोवा उरलाय तो एवढाच, एकोणीस मिनिटं.

रात्री हेडफोन लावून बसायचे डिजिटल पियानोवर.
चौथा मजला, भिंती पातळ,
पलीकडे पेलागियाबाई, पहाटे चारची पाळी.
खोलीत नुसती बोटांची टपटप,
कुणी शेंगा सोलत बसावं तशी,
आणि कानांत एक भलाथोरला ग्रँड,
जो मी कधी पाहिला नाही,
कुठल्याशा रिकाम्या सभागृहात झाकण उघडून उभा.
अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या शब्दाबाहेर नाहीत.
त्यांना थंडी बाधत नाही, तार उतरत नाही.
चुकलं तर माझंच चुकायचं.

एक जागा मात्र सोवा दर वेळी गाळायचा.
वरून खाली येताना
ए-फ्लॅटला पाय न लावता
थेट जी’वर उतरायचा.
तेवीस वेळा. मी मोजलंय.
त्यावर वहीत दोन पानं लिहिली,
न वाजलेल्या स्वराचं सौंदर्य वगैरे,
आणि ती उडी घोटून घोटून अशी बसवली
की काना-मात्रेचा फरक नाही.

फेब्रुवारीत यारोगनिएव्हच्या तळघरातल्या बारमध्ये
वाजवायला बोलावलं.
भिंतीला टेकलेला जुना उभा पियानो,
शेजारी बिअरची पिंपं, डोक्यावर गरम पाण्याचा पाइप.
पट्ट्या जड. पेडल दाबलं की कुरकुर.
घरी जे मी कुजबुजत म्हणायचे
ते इथे पहिल्या टेबलापर्यंतही पोचेना.
खांदा लावून वाजवू लागले
तर खालच्या तारा अंगावर आल्या,
स्टुलातून, मांड्यांतून, दातांत.
आणि मग डी.
दाबला, तर लाकडाचा ठक्क.
पुन्हा दाबला. ठक्क.
चौदा माणसं. एकानं ग्लास ठेवला.

मध्यंतरात क्सावेरी आला,
सुरात लावणारा म्हातारा, कानात यंत्र.
म्हणाला, लाकडानं ओल धरलीय,
वसंताआधी नाही बोलायचा तो.
वळसा घालून जा की,
मोडकी पायरी असली तर जिना उतरत नाही का आपण?

मी टॉयलेटमध्ये जाऊन वही उघडली.
तेवीस उड्या.
तेवीस मेलेल्या माश्या.
पोथीत माशी चिरडलेली दिसली म्हणून
नकलेतही त्याच ओळीत
माशी मारून चिकटवणारा तो नकलनवीस,
आणि वर दोन पानं कौतुक.

खरं काय, कोण सांगणार.
तो क्लब पाडला, तिथे आता टायर मिळतात.
कदाचित सोवाला ती उडी आवडतही असेल.
कदाचित आधी नाइलाज असेल
आणि मग आवड.

दुसऱ्या खेपेला डी’ला वळसा घातला.
वेडावाकडा, एकदा तर ताल निसटता निसटता राहिला.
आणि खाली येताना
ए-फ्लॅट मध्ये आला
तेव्हा दाबला.

वाजला.
जरा उतरलेला, घसा बसल्यासारखा,
पण वाजला, आणि तार थरथरत राहिली
मी पुढे गेल्यावरही.

कुणालाच काही कळलं नाही.
क्सावेरीनं तर कानातलं यंत्र काढून
टेबलावर ठेवलं होतं.

घरी येऊन ती दोन पानं खोडली.
पेन्सिलनं लिहिली होती, बरं झालं.
तेवीस जागा तशाच राहू दिल्या,
त्या त्याच्या आहेत.
डी’भोवतीचा माझा वळसा लिहिला
समासात, खोकल्याशेजारी.