उसना

चैत्र लागला तरी किकलीमागची वाट
कुणी मळलेली नाही.
वणव्याने काळं पडलेलं गवत, त्यातून
बोटभर हिरवं,
आणि खडकावर पांगाऱ्याची लाल नखं.

पिठल्या पुढे. शेपटी तिरकी.
धायगुडेमामांकडून एका दिवसाच्या बोलीवर आणलाय;
त्यांचे गुडघे आता वंदन चढत नाहीत.

वाट संपते तिथे तो नाक खाली घालतो
आणि करवंदीच्या जाळीतून
वाट पुन्हा सुरू होते.

पण मध्येच बसतो.
चुचकारलं, ओढलं, बिस्कीट दाखवलं.
ढिम्म.
चंदनकडे तोंड करून,
तंबाखू मळून, चुना झटकून
दाढेत धरायला लागेल
एवढाच वेळ.
मग उठतो.

तीनदा असं झालं.
चौथ्यांदा मीच आधी बसलो.

वरच्या टाक्यात त्याने तोंड घातलं, मी ओंजळ.
दोघांच्या मिशांना शेवाळ.

संध्याकाळी मामा बाजेवरून,
"पिंपरणीखाली बसला का रं?"
बसला.
"वारं होतं?"
होतं, म्हणालो,
आणि पिठल्याच्या पंजातला काटा काढत राहिलो
लागतो त्याहून जरा जास्त वेळ.