एकशे चोवीस

माराबात, नदीच्या चढावरच्या लॅन हाउसात
अर्ध्या तासाला पंचाहत्तर सेंताव्हो पडत.
सुटे नसले की दोना नेइदे टॉफी द्यायची,
पाच सेंताव्होंची एक.
त्यामुळे आमचा सगळा हिशेब टॉफीत चाले.

मेलं की वीस सेकंद पडदा करडा.
सहादा मेलं की दोन मिनिटं बुडाली,
दोन मिनिटं म्हणजे एक टॉफी.
हे मी पंख्याच्या बटणाखाली
भिंतीवर पेन्सिलीनं मांडून ठेवलं होतं.

राइल्सन वाचून हसला.
त्याचे सगळे गुण कुऱ्हाडीत.
अंगाला कांद्याच्या सालीएवढी कातडी,
पण घाव बसला की समोरचा भेलकांडायचा.
"जीव कशाला वाढवायचा, एदिवान?
समोरचाच मेला तर मारणार कोण?"
बोलण्यात खोट नव्हती.
तो सहादा मरायचा, पंधरादा मारायचा,
आणि पोरं त्याच्याच खुर्चीमागं दाटायची.

माझ्या खुर्चीमागं भिंत.

मी पाच गुण जिवात घातले.
शंभराचे एकशे वीस झाले,
हिरवी पट्टी बोटभर लांबली.
घरी आईनं भातात एक पळी वाढवावी
तसं काहीतरी वाटलं.

तरी राइल्सन मला चार घावांतच आडवा करी.
आधी चार. आताही चार.
जिवावरचं शेपटीवर निभावेल म्हणावं
तर शेपटीसकट जात होतो.

जुसिलेनी मासळीबाजारातून यायची,
बोटांना खवल्यांचा वास,
तिचा कीबोर्ड दोना नेइदेनं वेगळाच ठेवलेला.
तिनं माझा खेळ पाहिला, तोही उभ्यानंच.
"त्याचा घाव केवढ्याचा?"
"तीसचा."
"मग शंभराला किती लागतात?"
"चार."
"आणि एकशे वीसला?"
मी पंख्याकडं बघायला लागलो.
"तू पट्टी विकत घेतलीस. घाव नाही घेतलास.
आणखी एक गुण टाक,
नाहीतर पाचही काढून घे."

एक टाकला. एकशे चोवीस.

त्या दुपारी चौथा घाव बसला
आणि मी उभा.
उरला होता चार एवढाच जीव,
टॉफीच्या कागदाइतका.
पण राइल्सन वळलेला होता.
चार मारून वळायची त्याची सवय,
समोर कोण पडलं ते तो बघतही नसे.
त्याची पाठ मी पहिल्यांदा पाहिली.
कांद्याची साल.

मागं कुणीतरी शिट्टी मारली. माझ्या खुर्चीमागं.

ते सुख दीड दिवस टिकलं.
राइल्सन एक पातळी चढला,
मिळालेला नवा गुण त्यानं कुऱ्हाडीला दिला,
आणि खुर्ची सरकवत, माझ्याकडं न बघता म्हणाला,
"एकतीस चोक?"

मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

पहिला घाव बसला. दुसरा. तिसरा.
कुऱ्हाड वर गेली तेवढ्यात
पडद्यावर कुलूप आलं: वेळ संपली.
कुऱ्हाड तिथंच, कुलुपाआड, अजून वरच असेल.

मी उठलो. एकतीस उरले होते,
धड, न वापरलेले, कष्टानं जमवलेले.
गल्ल्यापाशी विचारलं,
"उरलेल्या जिवाची टॉफी मिळते का?"
दोना नेइदे नोटा मोजत होती.
तिनं मान वर केली नाही.
"उद्या ये," म्हणाली, "आणि सुटे घेऊन ये."