पुठ्ठ्याची मागची बाजू

पोरांना सुटी मे महिन्यात,
आणि आमच्या गणवेशाच्या कारखान्यात
मे महिन्यात मान वर करायला सवड नाही.
जूनमध्ये कुठल्या कुठल्या गावांतली पोरं
आम्ही शिवलेल्या चड्ड्या घालून
नाकं पुसत शाळेत जाणार.
तेव्हा आमची सुटी म्हणजे एक रविवार,
तोही मॅनेजरला दोनदा विचारून.

आराखडा मी कटिंगच्या पुठ्ठ्यावर काढला.
पुढच्या बाजूला सहावीतल्या मुलीच्या बाहीचं माप.
मागं मी आधी लांबचं लिहिलं,
लिहायला काय, पेन्सिल कारखान्याची :
समुद्र.
रत्नागिरीपर्यंत गाडी, दोन रात्रींची खोली,
मासे खायचे तर वेगळे,
सासूबाईंना मासे चालत नाहीत, त्यांचं वेगळं.
हिशोब बाहीच्या टोकापर्यंत आला
आणि टोक संपलं.

मग जवळचं.
तुळजापूर? "ते फिरणं नव्हं, ते जाणं," सासूबाई म्हणाल्या.
साईचरणला विजापूर पाहिजे,
घुमटात एकदा ओरडलं की सात वेळा ऐकू येतं म्हणे.
पण महाराष्ट्राच्या एसटीत मी अर्धं तिकीट,
सीमा ओलांडली की पूर्ण बाई.
सासूबाईंनाही आधार कार्डानं घात केला.
पंच्याहत्तर झाली की फुकट,
कार्डावर त्या अजून एकाहत्तर,
आणि स्वतः म्हणतात, "ऐंशी झाले की गं मला!"
कंडक्टरला हे कोण पटवून देणार?

नळदुर्ग ठरलं.
स्रवंतीनं मोबाइलवर धबधबा दाखवला,
नर एकीकडून, मादी दुसरीकडून,
पांढरंशुभ्र पाणी कोसळतंय.
फोटो कुठल्या महिन्यातला, ते कुणी बघितलं नाही.

पहाटे कडक भाकरी फडक्यात, शेंगा चटणी डब्यात,
बाटल्या रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवून
आमच्याच लूमच्या टॉवेलात गुंडाळल्या.
हे रात्रपाळीवरून थेट स्टँडवर आले,
कानाच्या पाळीवर पांढरी पिंजण तशीच,
आणि बोरामणी यायच्या आधी खिडकीला डोकं टेकून घोरायला लागले.
त्यांची सहल तेवढीच, म्हटलं, होऊ दे.

धबधबा नव्हता.
दगड होता, उंच, तापलेला,
आणि पाणी जिथून पडतं तिथं एक काळा ओघळ.
रखवालदार म्हणाला, "ऑगस्टात या की ओ, मेमध्ये कोण येतं!"
मेमध्ये आम्ही येतो, मी म्हणाले नाही.
ऑगस्टात शाळा असते, हेही नाही.

साईचरण कठड्याशी गेला
आणि धबधब्याच्या जागेवर ओरडला, स्वतःचंच नाव.
नाव परत आलं.
एकदाच.
"सात नाही आलं," तो म्हणाला,
मग पुन्हा ओरडला, मग स्रवंती, मग सासूबाईसुद्धा,
नवऱ्याचं नाव, जे त्यांनी जन्मात कधी घेतलं नव्हतं,
"नरसय्याऽऽ"
तेही परत आलं.
त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या
की हे झोपेतून उठून विचारायला लागले, काय झालं.

खाली पाणीमहालाच्या दगडात गारवा होता.
तिथंच भाकऱ्या मोडल्या.
उरलेल्या बर्फाचा एकेक तुकडा सगळ्यांच्या मानेवर.
येताना स्टँडवर उसाचा रस, पाच ग्लास,
आराखड्यात नव्हता.

सोमवारी मी पुठ्ठा पिशवीत ठेवणार होते,
त्याआधीच कटिंगच्या सत्तारभाईंनी उचलला.
निळ्या कापडाचे चाळीस थर,
वर सहावीची बाही,
'समुद्र' खाली, कापडाकडं तोंड करून.
त्यांनी खडूनं कडा ओढली, मशीन चालू केलं.
मी काही बोलले नाही.
माझ्या पायाखालचं पॅडल दाबलं
आणि कॉलर पुढं सरकवली.