कालच्या नदीचा अहवाल

सकाळी सहाला आल्मुट धक्क्यावर येते,
गमबूट, थर्मास, दोरी बांधलेली बाटली.
रूर नदीवर अजून धुकं.

बाटली भरते, झाकण आवळते, वेळ लिहिते : ६.१०.
ही आता एसेनला जाईल.
तिथे उबेत ठेवतील, जंतूंना वाढू देतील
दही लागावं तसं, रात्रभर.
उद्या आकडा येईल.
उद्या, म्हणजे हे पाणी
कुठल्या कुठे गेल्यावर.
वरातीमागून घोडं,
पण खरं बोलणारं.

म्हणून खोलीत एक गणित आहे.
त्याला पाणी दिसत नाही, वास येत नाही.
त्याला सांगावं लागतं :
वरच्या अंगाला, हागेनकडे, रात्री किती मिलिमीटर,
ऊन किती तास,
किती गटारं पोट तुडुंब होऊन नदीत ओकली.
जरा वेळ गप्प राहून ते म्हणतं :
एकाहत्तर टक्के.

टक्के काठीला बांधता येत नाहीत.
काठीला फडकं लागतं,
लाल नाहीतर हिरवं.

सातला एगोन शिमानियाक येतो,
वय एक्क्याऐंशी, खांद्यावर टॉवेल.
त्याच्या लहानपणी नदी कोळशाची होती,
पोहून आला की आई त्याला पुन्हा धुवायची.
"काच आहे पाणी," तो म्हणतो.
खरंच काच आहे. तळाचे गोटे मोजून घ्यावेत.
इथे थेंबही पडलेला नाही.

आल्मुट लाल चढवते.
तो वाद घालत नाही.
नुकताच काढलेला मोजा
बाकावर बसून पुन्हा घालतो,
फार सावकाश.

दहाला सेव्गी येते, आईचा हात ओढत,
काखेत फुगवलेली हिरवी मगर.
ती मगर तशीच बसमध्ये चढते.
हवा काढायचं कुणाच्याच जिवावर येत नाही.

दुसऱ्या दिवशी एसेनहून आकडा :
कालचं पाणी चांगलं होतं.
मर्यादेच्या निम्मंही नाही.
आल्मुट वहीत लिहिते, "चुकलो".
"चुकलं" लिहायची पद्धत आहे,
गणित नपुंसकलिंगी म्हणून.
मग तोच आकडा गणिताला भरवते.
शहाणं होतं म्हणे ते, घासाघासाने.

आणि आज? आज एकोणीस टक्के.
एकोणीस म्हणजे शून्य नव्हे,
पण फडक्याला एकोणिसावा रंग नाही.
हिरवं.

एगोन पायऱ्या उतरतो, कमरेपर्यंत, छातीपर्यंत,
मग एकदम दिसेनासा.
आजची बाटली बर्फाच्या पेटीत बंद,
तिचं तोंड उद्या उघडेल.
आल्मुट कठड्याला धरून उभी.

बऱ्याच अंतरावर पांढरं डोकं वर येतं.
"कसंय पाणी?" ती ओरडते.

"गार!"